पहांटेचें जातें आणि दाराशीं आलेलें रान



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गडकोट, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज ज्या गांवीं आपणांस घेऊन जावयाचें आहे, तेथें या इतिहासाची मुळींच वानवा नाहीं. भोरपासून थोड्याच अंतरावर, रायरेश्वराच्या डोंगरमुलखांत आंबवडें हें गांव वसलें आहे. ओढ्याकांठीं नागेश्वराचें जुनें देऊळ, ओढ्यावर पंतसचिवांच्या संस्थानी काळांतील झुलता पूल, आणि जवळच कान्होजी जेधे यांची समाधि. १६५९ सालीं अफझलखान चालून आला, तेव्हां वतनावर पाणी सोडून जे शिवाजीमहाराजांच्या पाठीशीं उभे राहिले, ते हे कान्होजी. लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणलेल्या जेधे शकावलींत या काळांतील स्वाऱ्या, जन्म, मृत्यु यांच्या तिथी नोंदलेल्या आहेत.

परंतु आज आपल्याला समाधीपाशीं थांबावयाचें नाहीं. अशा गांवांतील एखाद्या साध्या घराच्या माजघरांत, कोंबडा आरवण्यापूर्वींच्या काळोखांत जावयाचें आहे. तेथेंहि एक इतिहास घडत होता. तो कोणत्याहि शकावलींत चढला नाहीं, कारण तो रोजचा होता. आणि जें रोज घडतें त्याची तिथि कोणी लिहून ठेवीत नाहीं.

मावळांतील जुनें घर आधीं नीट पाहूं. दगडमातीच्या भिंती, पावसासाठीं खालपर्यंत उतरविलेलें छप्पर, एका अंगास गोठा, दुसऱ्या अंगास चूल, आणि वर माळा. येथील पावसांत गुरें उघड्यावर राहूं शकत नाहींत. म्हणून माणसें आणि गुरें एकाच छपराखालीं निजतात. कोपऱ्यांत भाताची कणगी, माळ्यावर पेंढा, परसांत भोपळ्याचा वेल. आपल्या दृष्टीनें हें एक घर झालें. रानाच्या दृष्टीनें मात्र तें एक भरलेलें कोठार होय. कणगींतल्या दाण्यासाठीं उंदीर येतो, उंदरासाठीं धामण आणि नाग येतात, वासरासाठीं आणि दारच्या कुत्र्यासाठीं बिबळ्या येतो, खाचरांतल्या भातासाठीं रानडुकरें येतात, आणि भोपळ्यासाठीं वानरें. निमंत्रण कोणालाच नसतें. पण वाट सर्वांना ठाऊक असते.

या घरांत सर्वांच्या आधीं उठे ती घरची बाई. दिवसभराच्या भाकरीचें पीठ उजाडण्यापूर्वीं निघालें पाहिजे. नाचणी, वरी, तांदूळ, जें घरांत असेल तें सुपांत घ्यावें, एक पाय लांब करून जात्याशीं बसावें, खुंटा धरावा आणि मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडीं घालीत जावें. सोबत जाऊ किंवा नणंद असली तर एकाच खुंट्याला दोघींचे हात. जात्याची घरघर सुरू झाली कीं तिच्या लयीवर ओवी निघे. या गाण्यास ना वाद्य, ना श्रोता, ना मैफल.

हें गाणें किती जुनें असावें? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया धान्य कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती १२९० सालीं. म्हणजे ज्ञानेश्वरमहाराजांनीं ग्रंथासाठीं जो छंद निवडला, तो त्यापूर्वीं निदान दीडशें वर्षें उखळा-मुसळाच्या संगतींत नांदत होता. पुढें जनाबाईच्या जात्याशीं प्रत्यक्ष विठ्ठल दळावयास बसला अशी कथा रूढ झाली. या कथेंत एक सत्य आहे: दळणाऱ्या बाईला रात्रीच्या त्या प्रहरीं दुसरें कोण सोबतीस असणार?

विद्वानांचें लक्ष या ओव्यांकडे पुष्कळ उशिरां वळलें. साने गुरुजींनीं खेड्यापाड्यांतील ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ या नांवानें प्रसिद्ध केल्या. त्यानंतर, १९८० नंतरच्या दशकांत, गी प्वातवँ हे फ्रान्समधून येऊन पुण्यास स्थायिक झालेले अभ्यासक आणि हेमा राईरकर यांनीं पुणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागांतून हें काम हातीं घेतलें. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या. बर्नार बेल यांनीं त्यांपैकीं कित्येकींचें ध्वनिमुद्रण केलें. प्वातवँ २००४ सालीं आणि राईरकर २०१० सालीं निवर्तल्या. परंतु २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर सर्वांस खुला झाला आहे. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या पुष्कळ आहेत. राजवाड्यांतील कवीला वनवास म्हणजे कल्पनेचा विषय होता. मावळांतल्या बाईला तें वन दाराबाहेर दिसत होतें. सीता एकटी रानांत कशी राहिली असेल, हा प्रश्न ती पांडित्यासाठीं विचारीत नव्हती.

आतां त्या रानाकडे वळूं. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकांत दुष्काळानें आणि लष्करी धामधुमीनें पुणें प्रांत उजाड झाला. शेतें ओस पडलीं कीं श्वापदें पुढें सरकतात. दादोजी कोंडदेव यांनीं वसाहत पुन्हा बसविली, तेव्हां मावळच्या लोकांस लांडगे मारण्याबद्दल बक्षिसें दिलीं, असें परंपरा सांगते. म्हणजे राज्य उभारण्याचें एक पहिलें काम तट बांधणें हें नव्हतें. रात्रीं गोठ्यांतलें वासरूं सकाळपर्यंत जिवंत राहील एवढी शाश्वती देणें हें होतें.

हीच बक्षिसांची रीत इंग्रजी अमदानींत अफाट वाढली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबळे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनीं मांडला आहे. वाघ भोरच्या डोंगरांतून गेला. बिबळ्या मात्र राहिला, कारण त्याला कुत्र्यावर आणि डुकरावरहि भागवितां येतें.

सरकारनें वाघाचा हिशेब रुपयांत ठेवला. घरानें तो गाण्यांत आणि गोष्टींत ठेवला. आश्विन वद्य द्वादशीस आपण शहरांत वसुबारस म्हणतों. सह्याद्रीच्या कित्येक गांवांत तीच वाघबारस असते, आणि गुरें राखणारे त्या दिवशीं वाघोबाला नैवेद्य दाखवितात. दिवाळींत गाईम्हशींना ओंवाळतांना मुलें जें गाणें म्हणतात, त्यांत आईपाशीं खोबऱ्याची वाटी मागून वाघाच्या पाठींत काठी घालण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या शहरी मुलांना तो विनोद वाटतो. पण ज्या मुलाला उजाडल्यावर गुरें घेऊन खरोखरच रानांत जावयाचें होतें, त्याला ती धीट होण्याची पहिली शिकवण होती. भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्टहि त्याच वाटेवरची आहे. भिणें भाग आहे, पण घरीं पोंचणेंहि भाग आहे, एवढेंच तिचें सार.

आणि आतां सर्वांत जवळचा, सर्वांत नकोसा पाहुणा. आंबवड्याचा देव नागेश्वर, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. पावसाळ्यांत बिळांत पाणी शिरतें आणि साप कोरडी जागा शोधूं लागतात. घरांत ऊब असते आणि उंदीर असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार जातींपासून आपल्याकडे विशेष धोका. सर्पदंशावरची जी लस दवाखान्यांत मिळते ती याच चौघांच्या विषावर असते. यांतील मण्यार रात्रीं हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेंतच चावते. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालच्या एका अभ्यासांत दिला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते.

नागपंचमी नेमकी याच दिवसांत, श्रावण शुद्ध पंचमीस येते. त्या दिवशीं शेत नांगरूं नये, जमीन खणूं नये, चिरूं नये, तळूं नये. आणि कित्येक घरांत जातेंहि फिरवूं नये. वर्षभर जी बाई पहांटे उठून दळते, तिला त्या एका दिवशीं दळण नसतें. आदल्या दिवशीं ती भावासाठीं उपास करते आणि पंचमीस नागालाच भाऊ मानून पूजते. जातें थांबतें, पण गाणें थांबत नाहीं. तें झाडाला बांधलेल्या झोक्यावर आणि फेर धरणाऱ्या पायांत जातें. कहाणींतला शेतकरी नांगराच्या फाळानें नागाचीं पिलें मारतो आणि त्याच्या घरावर संकट येतें. या आचारामागें भीति आहे, यांत शंका नाहीं. परंतु भीतीला माणूस दोन प्रकारांनीं उत्तर देतो: एक काठीनें आणि दुसरें नात्यानें. घरांत दोन्ही उत्तरें जवळ असत. साप चुलीपाशीं निघाला तर काठी उचलली जाई. पण वर्षांतून एक दिवस तरी आपलीं हत्यारें खालीं ठेवून ही जमीन आपल्या एकट्याची नाहीं, हें कबूल केलें जाई.

हें सर्व कधीं मोडलें? मला वाटतें, तें दोन गिरण्यांनीं मोडलें. पहिली गिरणी मुंबईची. मावळांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस कापडाच्या गिरण्यांत आणि गोद्यांत कामास जात राहिले. घर बाईच्या हातीं आलें आणि तिच्या ओवींत मुंबईचें नांव आलें. दुसरी गिरणी गांवांतली, पिठाची. तिनें बाईचे हात मोकळे केले, आणि यांत दुःख मानण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं कधीं दळलें नाहीं, त्यांनीं जात्याबद्दल हळवें होणें सोपें आहे. ज्यांच्या खांद्यांनीं तें ओढलें, त्यांना विचारा. मात्र श्रम गेले त्यांच्याबरोबर पहांटेचा आवाजहि गेला. लग्नाच्या आधीं हळद दळण्यापुरतें जातें पुसून पुढें येतें. एरवीं तें अंगणांत पालथें पडलेलें असतें.

आणि त्याच सुमारास रान परत आलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सरसहा शिकार थांबली; आणि डोंगरउतारावरचीं जीं खाचरें कसायला माणूस उरला नाहीं, तेथें झुडुपें वाढलीं. झुडुपांत रानडुकरें राहतात आणि त्यांच्यामागें बिबळ्या येतो. म्हातारीं माणसें जीं उरलीं आहेत, त्यांना भात राखण्यासाठीं रात्र जागावी लागते. सतराव्या शतकांत जो नियम होता तोच आजहि आहे: माणूस एक पाऊल मागें आला कीं रान एक पाऊल पुढें येतें.

येथें एक लहानशी गोष्ट सांगतों. बिबळ्यांच्या मुलखांत राहणाऱ्यांना वनखातें आतां असा सल्ला देतें कीं, रात्रीं एकट्यानें बाहेर पडतांना मोठ्यानें बोलावें, किंवा मोबाइलवर गाणीं लावावीं. माणूस जवळ आहे हें कळलें कीं जनावर बहुधा वाट सोडतें. शेताच्या मचाणावर रेडिओ लावून ठेवणारे शेतकरीहि आहेत. म्हणजे मी आपणांशीं बोलतों आहें तें यंत्र एखाद्या खाचरांत डुकरांशींहि बोलत असेल! परंतु हा उपाय नवा आहे काय? काळोख्या घरांतून जात्याची घरघर आणि बाईचा उंच सूर जेव्हां बाहेर पडत असे, तेव्हां गोठ्याभोंवतीं घुटमळणाऱ्या जनावरालाहि तो ऐकूं जात असलाच पाहिजे. ती बाई वाघाला हांकलण्यासाठीं गात नव्हती. ती श्रम विसरण्यासाठीं आणि माहेर आठवण्यासाठीं गात होती. तरीहि हें घर जागें आहे, ही बातमी ती आपल्या सुरांतून रोज रानाला देत होती.

एक लाख ओव्या जतन झाल्या, हें मोठें काम झालें. पण ओवी कागदावर उतरली तरी ती कोणत्या काळोखांत म्हटली, दारापाशीं काय खुसपुसलें तेव्हां सूर किती वाढविला, हें कागद सांगत नाहीं. तें सांगणाऱ्या बाया आतां फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्यांतली एखादी आपल्याच घरांत, आपल्या आजीच्या रूपानें, बसलेली असण्याचा संभव आहे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर तिला दोनच प्रश्न विचारा: तुझ्या घरीं रात्रीं कोण कोण येत असे? आणि तूं त्या वेळीं काय गात होतीस? तिनें उत्तर दिलें तर तें लिहून ठेवा. आणि तिनें गाऊन दाखविलें, तर लिहिणें थांबवून ऐका.