टोटल झालेल्या गाडीचा नंबर

जुनी गाडी बघायला जाताना ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्यायचं, हा महाराष्ट्रातला जुना रिवाज. चांगला मिस्त्री आल्या आल्या इंजिनाकडे वळत नाही. तो आधी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढतो आणि दाराच्या खालच्या कडेवरून सावकाश फिरवतो. पत्रा शाबूत असेल तिथे चुंबक घट्ट धरतं. सडका पत्रा झाकायला लांबी भरलेली असेल तिथे ते घसरून हातात येतं. मग चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरायचा, बॅक कॉम्प्रेशन किती मारतंय त्याचा अंदाज घ्यायचा. शेवटी चॅसीवरचा नंबर बोटाने चाचपायचा. या शेवटच्या कामाकडे गिऱ्हाइकाचं फारसं लक्ष नसतं. वास्तविक जुन्या गाड्यांच्या व्यवहारातली सगळ्यात वाईट फसवणूक त्या नंबरापाशीच सुरू होते.

हे व्हॅनच्या उदाहरणाने बघू. मराठी माणसाची व्हॅनशी ओळख झाली ती ‘टेम्पो’ या नावाने. हँबुर्गच्या विडाल कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. अहमदनगरच्या नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. गोरेगावात हॅन्सिट नावाची तीनचाकी बनू लागली आणि १९६४ मध्ये कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. गाडी इतकी अंगवळणी पडली की पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याकडे टेम्पोच झाली. घर बदलताना आजही ‘टेम्पो सांगितलाय’ असंच म्हणतात, मग दारात येणारी गाडी कोणाचीही असो.

खरी व्हॅन आली ती १९६९ मध्ये, मॅटॅडोर. तिचं मूळही जर्मनच. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असल्याने मागे शाफ्ट नव्हता आणि त्यामुळे तळ बुटका होता. पोती चढवायला हमालाला फार वर उचलावं लागत नसे. भाजीपाला, वऱ्हाड, शाळेची मुलं, बँडवाले, रुग्ण असं सगळं तिने वाहिलं. या रचनेतच तिची पारखही होती. जुनी मॅटॅडोर घेताना मिस्त्री स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मोकळ्या मैदानात गोल फेरा मारायचा आणि कान पुढच्या चाकांकडे लावायचा. तिथून कटकट ऐकू आली की जॉइंट झिजलेला, आणि भाव तिथल्या तिथे खाली यायचा.

त्या काळात जुनी गाडी घेणं हा कमीपणा नव्हता. परमिट-कोट्याच्या दिवसांत नवीन गाडी पैसे मोजले म्हणून लगेच दारात येत नसे. नंबर लावून वाट बघावी लागे. गाड्यांचे प्रकारही मोजके. त्यामुळे एकदा घेतलेली गाडी पाच-सहा हात फिरायची, इंजिन पुन्हापुन्हा बांधलं जायचं, पाटे बदलले जायचे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची ठिकाणं नावारूपाला आली ती या दीर्घायुष्यावरच. अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत वर्षानुवर्षं चालायचा. त्या बाजाराबद्दल नाकं मुरडली जातात, पण त्याने हजारो छोट्या धंदेवाल्यांची चाकं फिरती ठेवली, हेही तितकंच खरं आहे.

१९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली. पुढे तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि तेही पुढच्या सीटखाली. ओम्नी बघायला गेलेला मिस्त्री बॉनेट शोधत नाही, सीट उचलतो. सरकत्या दाराची खाच, फ्लोअरचा पत्रा आणि मागे गॅस किट बसवलं असेल तर त्याची आरसी बुकात नोंद, एवढ्या गोष्टी बघितल्या की निम्मं काम झालं. सुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबलं. त्यानंतर ज्याला ओम्नीच हवी त्याला जुन्या बाजाराशिवाय वाट उरली नाही.

गाडीची पारख मिस्त्री करायचा, पण कागदांची पारख कोण करणार? इथे आपल्याकडे एक घातक चाल रूढ झाली. विकणारा टीटीओच्या फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, नाव-तारीख न घालताच सह्या करून द्यायचा. घेणारा ते तसेच ठेवून गाडी वापरायचा आणि पुढच्याला विकताना तेच कोरे फॉर्म पुढे सरकवायचा. ट्रान्सफरचा खर्च आणि आरटीओची खेप दोन्ही वाचायचं. कायदा मात्र स्पष्ट आहे. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायला हवं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक खटला आला. २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे गेली, २००९ मध्ये तिच्या अपघातात एक मूल दगावलं, आणि आरटीओच्या दप्तरी नाव होतं पहिल्याच मालकाचं. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. गाडी दारातून गेली म्हणजे अंगावरून गेली, असं होत नाही.

गाडी ‘टोटल’ झाली की याहून बिकट प्रश्न उभा राहतो. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ती ठरलेली किंमत वयाबरोबर उतरते; चार ते पाच वर्षांच्या गाडीची नव्या किमतीच्या निम्म्यावर येते. म्हणून जुन्या व्हॅनला मध्यम मार बसला तरी ती टोटल ठरू शकते. मालकाला पैसे मिळतात आणि तो बदली व्हॅन शोधायला निघतो. मोडक्या गाडीचं पुढे काय होतं, हे मात्र तो सहसा विचारत नाही.

तिचा सांगाडा लिलावात जातो. कोणी तो खरोखर दुरुस्त करतो, कोणी सुट्या भागांसाठी फोडतो. पण सांगाड्याबरोबर आरसी बुकही गेलं, तर चोराला आयता मुखवटा मिळतो. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिचा नंबर घासून मेलेल्या गाडीचा नंबर ठोकायचा, की कागद अस्सल आणि गाडी चोरीची. म्हणूनच मिस्त्रीचं बोट तिथे रेंगाळतं. कारखान्यातली अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची असतात. घासलेल्या जागी पत्रा किंचित खोलगट लागतो, कानशीचे ओरखडे राहतात, आसपासच्या रंगाला नवेपणा असतो.

पुराच्या गाडीची गोष्ट वेगळी, पण तितकीच लपवता येणारी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या रस्त्यांवर गाड्या टपांपर्यंत बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरने तेच भोगलं. धुऊन-पुसून अशी गाडी नव्यासारखी दिसते. पण सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, तर एरवी आत गुंडाळलेल्या पट्टीवर गाळाची करडी रेघ सापडते. कितीही शाम्पू केला तरी तेवढा पट्टा बाहेर काढून धुवायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कागदाची बाजू आता थोडी सावरते आहे. सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीवर गाडीची नोंद, विमा आणि कर्जाचा बोजा ऑनलाइन दिसतो. मोटार वाहन नियमांतल्या डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी सक्तीची केली आणि १ एप्रिल २०२३ पासून, गाडी त्याच्या ताब्यात असेतो कागदोपत्री जबाबदारीही त्याच्यावर टाकली. हा बदल पन्नास वर्षं आधी यायला हवा होता. कोऱ्या सह्यांवर किती घरं पोळली असतील.

गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, हे कलम ५५ पहिल्यापासून सांगतं. आता अधिकृत स्क्रॅप केंद्रांच्या २०२१ च्या नियमांनी त्यात एक ठोस पायरी घातली आहे. गाडी भंगारात काढताना चॅसीवरचा नंबर असलेला तुकडा कापून वेगळा काढायचा आणि स्क्रॅपचं प्रमाणपत्र दिल्यापासून सहा महिने केंद्रात जपून ठेवायचा. तळहाताएवढा लोखंडाचा तो तुकडा, त्यावरची अक्षरं तशीच शाबूत. बाकीची व्हॅन तोवर वितळलेली असते.