राज्य तुटते तेव्हा

एखादा प्रदेश आपल्या राज्यकर्त्यांपासून फुटून निघाला आणि शेजाऱ्यावर शेजाऱ्याविरुद्ध शस्त्र धरण्याची वेळ आली, तर काय होईल? भविष्यातील अशा यादवीच्या कल्पित कथा आपण वाचतो. ठाणेकरांना मात्र त्यासाठी कल्पनेची गरज नाही. कल्याण-डोंबिवलीहून आगगाडीने येताना कळव्यानंतर खाडी ओलांडली की ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह जवळच आहे. ते एका जुन्या किल्ल्यात वसले आहे आणि त्या किल्ल्याशी आपल्या पूर्वजांच्या अग्निपरीक्षेची कथा निगडित आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसई, साष्टी व ठाणे पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, तर कल्याण मराठ्यांकडे. साष्टीतील हिंदू रयतेच्या जाहीर पूजाअर्चेवर निर्बंध होते, गोव्याच्या इन्क्विझिशनचा धाक येथवर पोहोचत होता आणि कित्येक गावे सरदारांच्या व मठांच्या मालकीची होती. हे सत्य आपण नम्रपणे स्वीकारले पाहिजे. अन्याय क्रूसाच्या छायेत घडला म्हणून तो न्याय ठरत नाही. अखेर अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी पेशव्यांकडे धाव घेतली. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, स्थानिक लोकांच्या साहाय्याने, ठाण्याचा अपुऱ्या बांधणीचा किल्ला मराठ्यांनी घेतला. १७३८ च्या अखेरीस तो परत मिळवू पाहणारा पोर्तुगीज सेनानी पेद्रू द मेलू येथेच मारला गेला आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली.

या धुमाळीत आपले पूर्वज कोठे होते? त्यांची भाषा, शेती व मासेमारी या मातीची होती. श्रद्धा मात्र पराभूत राज्यकर्त्यांची होती. जेत्यांना ते पोर्तुगीजांचे वाटावेत आणि पोर्तुगीजांनी त्यांना मागे ठेवून गलबते हाकारावीत, अशी ती कोंडी होती.

परंतु वसईच्या शरणागतीच्या कलमांत एक गोष्ट लक्षणीय आहे. जाऊ इच्छिणाऱ्यांना सुखरूप जाण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाचे अभय मिळाले. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. त्यानंतर येथील विखुरलेला कळप सांभाळला तो एतद्देशीय धर्मगुरूंनी. आपल्या घरांत आजही रोझरीची प्रार्थना होते, त्यामागे त्या अनाम पुरोहितांचे कष्ट आहेत. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे हल्ला करून घेतले. चाळीस वर्षांच्या आत किल्ल्यावर तिसरे निशाण लागले; खाली भात लावणारे हात तेच राहिले.

सीमा बदलण्याचा दुसरा मार्गही या जिल्ह्याने पाहिला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक हुतात्म्यांचे रक्त सांडले, हे खरे. परंतु १ मे १९६० रोजी ठाणे जिल्ह्यातील उंबरगावकडील गावे गुजरातेत गेली ती संसदेच्या कायद्याने, तोफेने नव्हे.

म्हणून वेगळे होण्याची भाषा कोठेही कानी आली, की आपण घोषणा कोणाची मोठी हे पाहू नये. मागे राहणाऱ्या अल्पसंख्याकांसाठी करारात कोणते कलम लिहिले आहे, हे विचारावे. आणि आपण बहुसंख्य असू तेथे ते कलम आपणच प्रथम लिहावे. साष्टीत ते वेळीच लिहिले गेले असते, तर अंजूरच्या नाईकांना पुण्याची वाट धरावी लागली नसती.