मनोरा झाकण्याची विद्या

लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात कॉलिन मॉस या चित्रकाराने १९४३ साली काढलेले एक चित्र आहे. लंडनच्या वायव्येस स्टोनब्रिज पार्क येथे रेल्वेचे जे विद्युत्केंद्र होते, त्याचा पाणी थंड करण्याचा प्रचंड मनोरा शत्रूच्या वैमानिकास ओळखू येऊ नये म्हणून वेड्यावाकड्या पट्ट्यांनी आणि ठिगळांनी रंगविण्यात आला होता. युद्धकाळात मॉस स्वतः छद्मावरणाच्या सरकारी खात्यात नोकरीस होता. म्हणजे ज्या विद्येने तो मनोरा रंगविला गेला, त्या विद्येतलाच एक जाणता कारागीर त्याचे चित्र काढीत होता. चित्राच्या नावात त्याने मनोरा मोठा असल्याचेही सांगितले आहे आणि तो झाकलेला असल्याचेही. आणि ही दोन विशेषणे एकत्र नांदू शकतात काय, या प्रश्नात त्या सबंध विद्येचा इतिहास सामावला आहे.

ज्या वस्तूला लपायचे आहे तिने भोवतालच्या भूमीचा रंग घ्यावा, हे तत्त्व पशुपक्ष्यांना माणसाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. लष्करात ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर रुजले. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लम्स्डेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पलटणीने लाल डगल्यांऐवजी मातीच्या रंगाचे कपडे अंगावर चढविले, आणि फारसीतल्या ‘खाक’ म्हणजे धूळ या शब्दावरून त्या रंगास जे ‘खाकी’ नाव पडले ते पुढे साऱ्या जगाने उचलले. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रेंच सैन्याने गिरां द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखाली तोफा व ठाणी रंगविणाऱ्यांचे स्वतंत्र पथक उभारले. दोन वर्षांनी नॉर्मन विल्किन्सन या सागरचित्रकाराने अधिक विलक्षण कल्पना मांडली: समुद्रावर जहाज लपविता येत नाही, तेव्हा ते लपविण्याचा नाद सोडावा, आणि त्यावर असे ठसठशीत काळेपांढरे व निळे पट्टे ओढावेत की पाणबुडीतून पाहणाऱ्यास जहाजाचे तोंड कोणीकडे आहे आणि वेग किती आहे याचा अदमासच लागू नये. रॉयल ॲकॅडमीच्या दालनांत बसून कलावंतांनी त्याचे आराखडे काढले, आणि युद्ध संपेपर्यंत दोन हजारांहून अधिक ब्रिटिश जहाजे तशी रंगविली गेली. रंगाने वस्तू नाहीशी होत नाही, फार तर तिच्याविषयी पाहणाऱ्याचा तर्क चुकतो, ही विल्किन्सनची कबुली मला या शास्त्रातील पहिली प्रौढ जाणीव वाटते.

दुसऱ्या महायुद्धात ही विद्या जहाजांवरून इमारतींवर आली. इंग्लंडात लेमिंग्टन स्पा या शांत गावी गृहसंरक्षण खात्याने छद्मावरणाचे मोठे दफ्तर थाटले, आणि चित्रकार, रंगभूमीचे नेपथ्यकार, वास्तुशिल्पी व प्राणिशास्त्रज्ञ अशी एरवी कधी एका मेजाशी न बसणारी माणसे तेथे एकत्र आली. गावात चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या खेळासाठी बांधलेले जे दालन होते, त्याच्यात फिरत्या चौथऱ्यावर कारखान्यांच्या लहान प्रतिकृती मांडीत, त्यांवर कृत्रिम ऊन आणि कृत्रिम चांदणे पाडीत, आणि उंचावरून, जणू विमानातून, त्यांचे निरीक्षण करीत. कारखान्यांची छपरे शेताच्या तुकड्यांसारखी किंवा लहान घरांच्या ओळींसारखी रंगविण्याची तजवीज तेथे होत असे. कारखाना कायमचा अदृश्य व्हावा अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती. वेगाने जाणाऱ्या वैमानिकास लक्ष्य ओळखण्यास काही क्षण उशीर व्हावा, आणि त्या क्षणांत त्याचा नेम टळावा, एवढाच माफक हेतू त्यामागे होता.

परंतु सपाट छपराची गोष्ट निराळी आणि उभ्या मनोऱ्याची निराळी. रंग जमिनीसारखा दिला तरी मनोऱ्याची सावली जमिनीवर पडतेच, आणि ती मनोऱ्याहूनही लांब पडून आपल्या धन्याची चुगली करते. शिवाय रंग गुळगुळीत असेल तर तो पावसानंतर चमकतो; म्हणून छद्मावरणाच्या कामी रंग खरखरीत असावा लागतो. सर्वांत कठीण अडचण आकाशाची. जमिनीवरून पाहणाऱ्यास उंच इमारतीचा वरचा भाग आकाशावर उमटलेला दिसतो, आणि आकाश तर स्वतःच प्रकाशाचे भांडार आहे. रंगाजवळ मात्र स्वतःचा प्रकाश नाही, त्याच्यावर पडलेल्यातला काही अंश तो परत करतो इतकेच. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असला तर फिकट भिंत आकाशाशी कशीबशी मिळून जाईल; तोच सूर्य मनोऱ्यामागे गेला की पांढऱ्याशुभ्र रंगाची भिंतसुद्धा कोळशासारखी काळी दिसू लागते. सकाळचा रंग संध्याकाळी चालत नाही, आणि श्रावणातला वैशाखात चालत नाही.

ज्यांना शत्रूपासून नव्हे, तर रसिकांच्या रोषापासून इमारत वाचवायची होती, त्यांनाही आकाशाशी हाच तह करावा लागला. पॅरिसचा आयफेल मनोरा उभा राहत असताना १८८७ च्या फेब्रुवारीत तेथील नामांकित साहित्यिक, संगीतकार व चित्रकारांनी त्याच्या कुरूपतेविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढले होते, आणि सहीनिशी हरकत घेणाऱ्यांत मोपासाँचेही नाव होते. मनोरा काही हटला नाही. मात्र १८९९ साली त्याला पायथ्याशी गडद आणि माथ्याकडे फिकट होत जाणाऱ्या पाच छटा देण्यात आल्या, आणि १९६८ पासून तपकिरीच्या तीन छटांनी तेच काम चालत आले. खाली शहराच्या पार्श्वभूमीवर आणि वर उजळ आकाशावर तो एकसारखा दिसावा, हा त्यामागील हिशेब. त्यात मनोरा दडविण्याचा विचार उरलेला नाही. त्याने आकाशाशी भांडू नये, एवढीच खटपट आहे. आपल्याकडे १९४२ साली ताजमहालाचा घुमट हवाई हल्ल्यापासून वाचविण्यासाठी झाकला गेला, तेव्हा त्या संगमरवरावर रंग चढविण्याचा अविचार कोणी केला नाही. बांबूंच्या परांच्या बांधून वरून घुमटाचा आकारच मोडून टाकला गेला. आकार मोडल्याखेरीज मोठी वास्तू लपत नाही, हे त्या परांच्या उभारणाऱ्यांनी नेमके जाणले होते.

या इतिहासात एक माणूस असा आहे की ज्याने फसविण्याची विद्या तरुणपणी हस्तगत केली आणि उत्तरायुष्यात, ती वापरण्याची सर्व संधी समोर असताना, तिला नकार दिला. तो माणूस मुंबईचा होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. बॅसिल स्पेन्स याचा जन्म १३ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील मुंबईच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहण्याच्या हुद्द्यावर होते, आणि पुढील शिक्षणासाठी एडिंबरोस रवाना होईपर्यंत तो येथीलच जॉन कॉनन शाळेत शिकला. युद्ध सुरू होताच हा वास्तुशिल्पी सैन्यात दाखल झाला आणि फार्नहॅमच्या किल्ल्यात चालणाऱ्या छद्मावरणाच्या शिक्षणकेंद्रात रुजू झाला. १९४४ साली दोस्तांची स्वारी कॅलेच्या बाजूने होणार असे जर्मनांस वाटावे म्हणून डोव्हर बंदरात तेलाच्या साठ्याचे जे प्रचंड ठाणे उभारण्यात आले, ते पहाडबांधणीच्या नळ्या, पुठ्ठे आणि जुन्या पाइपांचे होते. त्याची रचना स्पेन्सची. चित्रपटसृष्टीतील कारागिरांनी ते उभे केले, आणि राजा व सेनापती यांनी त्याची पाहणी केल्यामुळे त्या खोटेपणास खरेपणाची मोहर बसली. पुढे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रणगाड्यांनी उद्ध्वस्त केलेली देवळे पाहून आपण एक कॅथीड्रल बांधावे असा त्याने निश्चय केला, असे सांगतात. १९४० च्या नोव्हेंबरात बाँबवर्षावात जळालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलसाठी स्पर्धा झाली तेव्हा २१९ आराखड्यांतून त्याचाच पसंत पडला, आणि त्यात जुन्या भिंतींचे अवशेष झाकण्याऐवजी त्याने ते तसेच नव्या वास्तूच्या शेजारी उघड्यावर उभे ठेवले होते.

याच सुमारास इंग्लंड-वेल्सच्या ग्रामीण मुलुखावर एक नवे संकट येऊन ठेपले होते. विजेची भूक वाढत होती, आणि नव्या केंद्रांचे आकार असे काही अवाढव्य होते की कोणत्याही टेकडीमागे ते मावेनात. १९५७ च्या विद्युत् कायद्यातील ३७ व्या कलमाने, नवी योजना आखताना निसर्गसौंदर्याची काळजी घेणे कायद्याने बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी त्या कलमाची खरी परीक्षा पाहणारी योजना पुढे आली. वेल्समधील स्नोडोनिया हा डोंगराळ प्रदेश १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला होता; त्याच्या ऐन मध्यात, ट्राउसव्हनिद गावच्या सरोवराकाठी, अणुशक्तीचे केंद्र उभारण्याचे ठरले. ते सरोवर १९२० च्या दशकात जलविद्युतेसाठी बांधलेल्या धरणाचेच होते, आणि त्याच्या पाण्यावर अणुभट्ट्या थंड करता येतील, हा योजकांचा युक्तिवाद होता. हरकती आल्या, जाहीर चौकशी झाली. निसर्गप्रेमी विरोधात होते. परंतु पाटीच्या दगडांच्या खाणी बंद पडत चाललेल्या त्या मुलखातील माणसांना रोजगार हवा होता, आणि त्यांची बाजू मला हलकी वाटत नाही. डोंगर सुंदर आहे म्हणून त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने उपाशी राहावे, असे शहरातून पाहायला येणाऱ्याने म्हणू नये. अखेर मंजुरी मिळाली आणि १९५९ साली काम सुरू झाले.

वास्तुरचनेचे काम स्पेन्सकडे आले, आणि भूदृश्याचे सिल्व्हिया क्रो या विदुषीकडे. दोन अणुभट्ट्यांच्या इमारती, उंची सुमारे ५५ मीटर. भोवती उघडा माळ, झाडे तुरळक, मागे डोंगर. छद्मावरणाची विद्या शिकलेल्या माणसासमोर याहून मोठे प्रलोभन कोणते असावे? भिंतींवर खडकांचे व हिरवळीचे पट्टे ओढावेत, वर आकाशाची निळाई द्यावी, असा सल्ला देणारे काही कमी नसतील. स्पेन्सने भिंती काँक्रीटच्याच ठेवल्या, आणि त्या दोन इमारतींना उघड उघड डोंगरातल्या किल्ल्याचा आविर्भाव दिला. वेल्सच्या त्या मुलखात मध्ययुगीन दगडी किल्ले पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत, आणि त्यांना कोणी दृष्टीआड करावे असे म्हणत नाही. आपल्या दुर्गरचनेतही रायगडाच्या महादरवाजाला बुरुजांच्या गोमुखी वळणाआड असे दडविले आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. पण गड दडविलेला नाही, आणि दरवाजा दडतो तो रंगाने नव्हे, बांधणीच्या वळणाने. जे लहान आणि नाजूक ते आड ठेवावे, आणि जे मोठे ते ताठ मानेने उभे करावे, हा विवेक दोन्ही ठिकाणी दिसतो.

हाच विवेक क्रोबाईंनी १९५८ साली विजेच्या भूदृश्यावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात शास्त्रशुद्ध रीतीने मांडला होता. प्रचंड आणि साधा आकार विशाल निसर्गात सामावतो. निसर्गाचा नाश करतात ती त्याच्या पायाशी गोळा होणारी किरकोळ बांधकामे, म्हणजे तारांची कुंपणे, रोहित्रांची आवारे, मोटारी उभ्या करण्याची मैदाने, दिव्यांचे खांब. कारण या वस्तूंचा आकार माणसाच्या परिचयाचा असतो, आणि त्यांच्याशी तुलना होताच डोंगर खुजा होतो. म्हणून ट्राउसव्हनिदला त्यांनी आपली सारी शक्ती मोठ्या इमारतींऐवजी या किरकोळांवर खर्च केली: जमिनीला चढउतार देऊन ती आवारे दृष्टीआड केली, आणि त्या मातीत रुजणारी देशी झाडे लावून माळ थेट भिंतींपर्यंत आणून भिडविला. बागेचे वाफे आणि फुलांच्या रांगा केंद्राच्या दर्शनी भागात पसरविण्याचा मोह त्यांनी टाळला. तशा रांगांनी डोंगराचा अपमान झाला असता.

ही वास्तू सर्वांना आवडली असे नाही. ज्याच्या स्मृतीने तो मुलूख आधीच पवित्र झालेला होता, त्या हेद विन या मेंढपाळ कवीचे शेत याच परिसरातले. १९१७ च्या जुलैत तो फ्लँडर्सच्या रणभूमीवर पडला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्रीय काव्यस्पर्धेत त्याने जिंकलेल्या मानाच्या खुर्चीवर काळे वस्त्र पांघरले गेले. त्या शेतावरून सरोवराकडे पाहणाऱ्यास काँक्रीटचे ते दोन ठोकळे टोचत असतील, तर त्याच्या भावनेशी वाद घालण्यास मी धजणार नाही. मात्र त्या ठोकळ्यांवर हिरवे पट्टे ओढल्याने त्याचे दुःख हलके झाले असते असे मला वाटत नाही. उलट आपल्या डोळ्यांना मूर्ख समजले गेले, हे एक दुःख त्यात वाढले असते.

केंद्रातून १९६५ साली वीज वाहू लागली आणि १९९१ साली ते बंद पडले, म्हणजे त्याचे कर्तृत्व अवघ्या सव्वीस वर्षांचे. अणुभट्ट्या थंड होऊन निर्धोक होण्यास पिढ्या जाव्या लागतात. म्हणून भट्ट्यांच्या इमारती उंचीने कमी कराव्यात की नाही, यावर अभियंत्यांची मसलत पुढे कित्येक वर्षे चालली. क्रोबाईंनी लावलेली रोपटी मात्र केंद्र चालू असेतो पुरती वाढलीच नव्हती. ती त्यानंतर वाढली, आणि सरोवराच्या काठी त्यांनी खालची आवारे हळूहळू झाकून घेतली.