बेल्चिते

बेल्चिते हे स्पेनच्या आरागोन स्वायत्त प्रदेशातील झारागोझा प्रांतातील एक गाव आहे. झारागोझा शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, कोरड्या गवताळ माळरानात ते वसले आहे. स्पॅनिश गृहयुद्धात १९३७ साली येथे झालेल्या लढाईमुळे व त्यानंतर मुद्दाम तसेच ठेवलेल्या भग्नावशेषांमुळे ते ओळखले जाते. आज या नावाची दोन गावे शेजारीशेजारी आहेत: ओसाड जुने बेल्चिते आणि वस्तीचे नवे बेल्चिते.

प्रारंभिक इतिहास

आरागोनचा राजा पहिला आल्फोन्सो याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश मुस्लिम सत्तेकडून जिंकला आणि ११२२ मध्ये सीमेच्या रक्षणासाठी येथे एक लढाऊ बंधुसंघ स्थापन केला. जिंकलेल्या मुलखात मागे राहिलेल्या मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतून घडलेली मुदेहर शैलीची विटांची बांधणी सान मार्तिन चर्च व सान हुआन चर्चचा मनोरा येथे दिसते. चित्रकार फ्रान्सिस्को गोया यांचे जन्मगाव फुएन्देतोदोस याच परिसरात आहे. १८ जून १८०९ रोजी नेपोलियनच्या सैन्याचा सेनानी सुशे याने बेल्चितेजवळ स्पॅनिश सेनापती ब्लेक यांचा पराभव केला. पण त्या लढाईची खूण गावात फारशी उरलेली नाही.

गृहयुद्ध

जुलै १९३६ च्या लष्करी उठावानंतर झारागोझासह बेल्चितेही बंडखोर, म्हणजेच राष्ट्रवादी, पक्षाच्या हाती गेले. गावातील रक्तपाताची सुरुवात तेव्हाच झाली, वेढ्याच्या एक वर्ष आधी. समाजवादी महापौर मारियानो कास्तियो यांनी कैदेत आत्महत्या केली आणि डाव्या विचारांच्या अनेक रहिवाशांना गोळ्या घालण्यात आल्या.

२४ ऑगस्ट १९३७ रोजी प्रजासत्ताक सरकारच्या फौजांनी आरागोन आघाडीवर मोठे आक्रमण केले. उत्तरेकडील सान्तान्देरवरचा दबाव कमी करणे व झारागोझा घेणे असा त्यांचा हेतू होता. दोन्ही साधले नाही. सान्तान्देर दोन दिवसांत पडले आणि आक्रमणाचा जोर वाटेतल्या बेल्चितेभोवती अडकून राहिला. वेढ्यात गावाचे पाणी तोडण्यात आले. भर उन्हाळ्यात काही हजार सैनिक व त्यांच्याबरोबर अडकलेले गावकरी चर्च, पाठशाळा आणि घरांच्या जाड भिंतींआड लढत राहिले. हल्ला करणाऱ्यांत पंधरावी आंतरराष्ट्रीय ब्रिगेड होती. तिचे अमेरिकन अधिकारी रॉबर्ट मेरिमन व स्टीव्ह नेल्सन येथे जखमी झाले. रस्त्यांवर मारा होत असल्याने सैनिक घराघरांच्या भिंतींना भोके पाडून पुढे सरकत. बचावाच्या बाजूचे महापौर रामोन त्रायेरो लढताना मारले गेले. ६ सप्टेंबरच्या सुमारास प्रतिकार संपला. मृतांपैकी अनेकांना गावातल्या जुन्या तेलघाण्यात एकत्र पुरण्यात आले. लढाईनंतर अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी या गावाला भेट देऊन वृत्तांत लिहिला.

इतकी किंमत मोजून घेतलेले गाव प्रजासत्ताकाकडे जेमतेम सहा महिने राहिले. १० मार्च १९३८ रोजी राष्ट्रवादी फौजांनी ते परत घेतले.

दोन गावे

फ्रँकोच्या राजवटीने जुने गाव दुरुस्त न करता शेजारी नवे बांधायचे ठरवले. अवशेष हे 'लाल रानटीपणा'चा पुरावा म्हणून ठेवायचे होते. मात्र गावावर दोन्ही बाजूंच्या तोफा व विमाने चालली होती आणि सगळी पडझड युद्धातलीही नव्हती. युद्धानंतर अनेक घरे राहण्याजोगी होती व लोक त्यांत राहतही होते. नव्या गावाचे काम उद्ध्वस्त प्रदेशांसाठीच्या सरकारी खात्याने १९४० च्या सुमारास सुरू केले. त्यासाठी प्रजासत्ताक पक्षाचे युद्धकैदी राबवले गेले. गावाबाहेरच्या तात्पुरत्या वसाहतीत मुख्यतः पराभूत पक्षाची कुटुंबे राहत, म्हणून तिला लोक 'रशिया' म्हणू लागले.

फ्रँकोने नव्या गावाचे उद्घाटन १९५४ मध्ये केले, तरी जुन्यातले शेवटचे रहिवासी १९६४ पर्यंत तेथेच होते. नंतर दारे, तुळया, कौले, विटा लोकांनी काढून नेल्या. पाऊस आणि वाऱ्याने उरलेल्या मातीच्या भिंती खाली आणल्या. आज पर्यटकाला युद्धाचे वाटणारे अनेक ढिगारे प्रत्यक्षात या दशकांतले आहेत. सान आगुस्तिन चर्चच्या मनोऱ्यात रुतलेला, न फुटलेला तोफगोळा मात्र १९३७ च्या लढाईचाच मानला जातो.

सद्यस्थिती

युद्धापूर्वी साडेतीन हजारांहून अधिक वस्ती असलेल्या बेल्चितेची लोकसंख्या आता दीड हजाराच्या आसपास आहे. टेरी गिलियम यांचा बॅरन मुन्चहाउसेनवरील चित्रपट (१९८८) आणि गियेर्मो देल तोरो यांचा 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) यांतील काही दृश्ये अवशेषांत चित्रित झाली. जुन्या गावाला २००२ मध्ये सांस्कृतिक वारसास्थळ म्हणून संरक्षण मिळाले. २०१३ पासून तेथे कुंपण असून केवळ मार्गदर्शकासोबत प्रवेश मिळतो. जागतिक स्मारक निधीच्या २०२५ च्या धोक्यातील स्थळांच्या यादीतही त्याचा समावेश झाला. १९३६ मध्ये ठार केलेल्या ग्रामस्थांच्या सामूहिक कबरींचे उत्खनन स्मशानभूमीत २०२१ मध्ये, म्हणजे हत्यांनंतर ८५ वर्षांनी, सुरू झाले.