सत्तरांतले तीन स्फटिक

विजेची तार तांब्याची आणि तिच्यावरचे वेष्टण प्लास्टिकचे, ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की कार्बनी संयुगातून वीज धातूसारखी वाहते म्हटले की ऐकणारा बिचकतो. तरी अधातूंपासून धातूसारखा पदार्थ बनू शकेल, ही कल्पना मॅकॉय आणि मूर या अमेरिकी रसायनज्ञांनी १९११ मध्येच मांडली होती. १९५४ मध्ये जपानच्या अकामातू, इनोकुची आणि मात्सुनागा यांनी पेरिलीन व ब्रोमीन यांपासून बऱ्यापैकी वाहक पदार्थ मिळवला. तो टिकाऊ मात्र नव्हता.

खरी खळबळ उडाली १९७३ मध्ये. टीटीएफ हा इलेक्ट्रॉन देणारा रेणू आणि टीसीएनक्यू हा घेणारा. दोघांचे मिळून काळे, सुईसारखे स्फटिक होतात. रेणू चपटे असल्यामुळे ते नाण्यांसारखे एकावर एक बसतात. देणारा-घेणारा असे आलटून पालटून बसले असते तर पदार्थ दुर्वाहक झाला असता. इथे दोघांच्या चळती वेगळ्या असतात, आणि इलेक्ट्रॉन आपापल्या चळतीतून वर-खाली सरकतात. शिवाय टीटीएफ आपला इलेक्ट्रॉन पुरता देत नाही, सरासरी ०.५९ इतकाच देतो. एकेक पूर्ण दिला असता तर प्रत्येक जागी एकेक इलेक्ट्रॉन अडकून बसला असता. या अर्धवट दानातच सारी गंमत आहे.

सुईच्या लांबीच्या दिशेने हा पदार्थ तांब्यापेक्षा सुमारे हजारपट कमी वाहक, आणि आडव्या दिशेने त्याहूनही शेकडो पट कमी. थंड करत नेला की वाहकता धातूसारखी वाढते, ६० केल्विनच्या आसपास शिखर गाठते आणि ५४ केल्विनखाली कोसळते. फिलाडेल्फियात अॅलन हीगर यांच्या गटाने सुमारे सत्तर स्फटिक तपासले. त्यांपैकी तिघांत हे शिखर प्रचंड उंच निघाले. ही अतिसंवाहकतेची चाहूल असावी, असे त्यांनी लिहिले. सेंद्रिय पदार्थात खोलीच्या तापमानालाही अतिसंवाहकता शक्य आहे, असे विल्यम लिटल यांनी १९६४ मध्ये मांडले होते. त्यामुळे हवा आधीच तापलेली होती.

इतर प्रयोगशाळांना तसे शिखर सापडेना. आक्षेप साधा होता. सुईला चार ठिकाणी तारा चिकटवतात. दोन प्रवाहासाठी, दोन विद्युतदाब मोजण्यासाठी. पदार्थ एकाच दिशेने सढळ वाहक असेल आणि तारा जराशा तिरप्या बसल्या, तर प्रवाह दाब मोजण्याच्या जागांना बगल देऊन जातो. दाब जवळजवळ शून्य दिसतो आणि वाहकता अफाट भासते. १९७६ मध्ये अनेक प्रयोगशाळांची मोजमापे एकत्र छापली गेली, आणि त्या तीन स्फटिकांची बाजू लंगडी पडली.

मला हीगर यांचा हा पराभव वाटत नाही. कोसळण्याचे कारण त्यांच्या त्याच लेखाच्या शीर्षकात होते: पायर्ल्स अस्थैर्य. एकाच ओळीतून वाहणारा धातू थंड झाल्यावर त्या ओळीतल्या रेणूंची अंतरे ठरावीक लयीत कमी-जास्त होतात आणि वाट बंद पडते. १९७५ मध्ये क्ष-किरणांनी याचा पुरावा दिला, आणि त्या लेखाच्या लेखकांत हीगर स्वतः होते.

म्हणजे अडचण ओळ एकाकी असण्यात होती. कोपनहेगनच्या क्लाउस बेकगार्ड यांनी गंधकाच्या जागी सेलेनियम असलेला रेणू घेतला. त्यामुळे शेजारच्या चळतींचा एकमेकींशी संबंध वाढला. दाब दिल्यावर तो आणखी वाढतो. फ्रान्समधील ओर्से येथे डेनिस जेरोम यांच्या गटाने १९७९ च्या अखेरीस त्या स्फटिकावर सुमारे १२ हजार वातावरणांचा दाब दिला. ०.९ केल्विनला त्याचा रोध नाहीसा झाला.