वेढा, भाकरी आणि खाणारी तोंडं



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत टीव्हीवरच्या मालिकेचा विषय निघाला. गडाला वेढा पडतो, तलवारी चमकतात. पण एकीनं विचारलं, "आत बायका-पोरं असतील, त्यांच्या पोटाचं काय होत असेल गं?" आम्हाला उत्तर देता येईना. म्हणून आम्ही शोध घेतला. दोन दूरदेशीचे वेढे सापडले, तेच आज सांगतो.

पहिला वेढा इ.स.पूर्व 52 मधला. आजच्या फ्रान्समध्ये डोंगरावर अलेसिया नावाचं तटबंदीचं गाव होतं. रोमचा सेनापती ज्युलियस सीझर याच्याशी लढणारा सरदार व्हर्सिंगेटोरिक्स फौजेसह त्या गावात शिरला. सीझरनं भोवती सुमारे 16 किलोमीटरचा खंदक आणि तट बांधला. आत धान्य होतं जेमतेम 30 दिवसांचं. ते संपत आलं आणि बाहेरून मदत येईना, तेव्हा सभा बसली. जे लढू शकत नाहीत त्यांना बाहेर काढायचं ठरलं. म्हणजे म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. गाव त्यांचंच होतं, फौजेला आसराही त्यांनीच दिला होता! ती माणसं सीझरच्या तटापाशी जाऊन रडली. "गुलाम करा, पण खायला द्या," म्हणाली. सीझरनं पहारे बसवले आणि एकालाही आत घेतलं नाही. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. मागे दार बंद, पुढे पहारा. मधल्या जागेत ती अडकली ती अडकलीच.

दुसरा वेढा आपल्या आजी-पणजीच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी रशियाच्या लेनिनग्राड शहराला वेढलं. सप्टेंबर 1941 ते जानेवारी 1944, जवळजवळ 900 दिवस. इथं रेशनकार्डावर माणसांचे गट पाडले. नोव्हेंबर 1941 मध्ये कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला 250 ग्रॅम पाव मिळे आणि बाकीच्यांना 125 ग्रॅम. म्हणजे आपली एक भाकरी, बस्स. त्या पावातही सरकीची पेंड आणि लाकडाचा भुसा मिसळलेला.

आता नीट ऐका. घर सांभाळणारी बाई कोणत्या गटात होती? 'आश्रित' या गटात. पावाशिवाय जे थोडंफार मिळे, तेही या गटाला सगळ्यात कमी. लोक त्या कार्डाला मरणाचं कार्ड म्हणायचे.

ही 'आश्रित' बाई काय करत होती? कडाक्याच्या थंडीत नळ गोठले, तेव्हा नदीच्या बर्फात भोक पाडून पाणी आणत होती. पहाटेपासून पावाच्या रांगेत उभी राहत होती. जळण शोधत होती, आजाऱ्यांना भरवत होती. कितीतरी जणींनी आपल्या वाट्याचा तुकडा पोरांना दिला. 1942 च्या वसंतात साचलेली घाण काढून शहर साफ केलं, बागांमध्ये कोबी लावला, त्यात बायकाच जास्त होत्या. या वेढ्यात 6 लाखांहून अधिक माणसं गेली, बहुतेक उपासमारीनं. जी वाचली, ती या हातांमुळेही वाचली.

दोन वेढ्यांमध्ये 2000 वर्षांचं अंतर आहे, पण हिशोब एकच. लढतो किंवा कारखान्यात राबतो तो कामाचा, आणि बाकी सगळी खाणारी तोंडं.

हे समजल्यावर आम्ही आमचंच रजिस्टर उघडलं. 'व्यवसाय' या रकान्यात निम्म्याहून जास्त जणींपुढे लिहिलं होतं, 'काही नाही'. अक्षर आमचंच! शेळ्या, पाणी, सरपण, खुरपणी, सासऱ्यांचं दुखणं, हे सगळं त्या 'काही नाही'मध्ये बसवलेलं.

तो रकाना आम्ही आता पुन्हा भरतोय. तुम्हीही तुमच्या गटात एकदा रजिस्टर उघडून बघा. शांततेच्या दिवसांत जिचं काम मोजलं नाही, तिची भाकरी अडचणीच्या दिवसांत सगळ्यात आधी कमी होते.