विश्रामबागवाडा : पेशव्यांच्या निवासापासून पुणेकरांच्या चौकापर्यंत

पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेच्या गर्दीला लागून, थोरले बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा उभा आहे. रस्त्याला नाव पहिल्या बाजीरावाचे, वाडा मात्र त्याच्या नातवाचा, म्हणजे शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याचा. हा योगायोग पुण्यात कोणाला फारसा खटकत नाही. पेशवाईचे राजकीय केंद्र शनिवारवाडा होते. पण त्या काळच्या लाकडी इमारतीत वावरण्याचा अनुभव आज शनिवारवाड्यात मिळत नाही, कारण तिथे तट, बुरूज आणि जोती एवढेच शिल्लक आहे. तो अनुभव विश्रामबागेत मिळतो.

वाडा बांधला गेला तो काळ पेशवाईच्या दृष्टीने चांगला नव्हता. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून पळाला. डिसेंबर अखेरीस त्याने वसईला इंग्रजांशी तह केला आणि 1803 च्या मे महिन्यात इंग्रजी फौजेच्या आधाराने तो परत गादीवर बसला. लढायांची आणि राज्यरक्षणाची जबाबदारी इंग्रजांच्या पलटणीवर गेल्याने पेशव्याच्या हाती वेळ आणि पैसा दोन्ही उरले. शनिवारवाड्यात राहणे त्याला रुचत नव्हते. तिथेच नारायणराव पेशव्याचा खून झाला होता आणि तिथेच सवाई माधवरावाचा अंत झाला होता. शुक्रवार पेठ, बुधवार पेठ आणि विश्रामबाग या ठिकाणी त्याने नवे वाडे उभे केले. विश्रामबागवाडा 1807 च्या सुमारास बांधला गेला आणि त्याला दोन लाख रुपये खर्च आल्याचे सांगतात. पुण्याबाहेरच्या सततच्या दौऱ्यांमधून आणि तीर्थयात्रांमधून पेशवा जेव्हा शहरात येई, तेव्हा त्याचा मुक्काम बहुधा इथेच असे.

वाड्याचे वैभव त्याच्या दर्शनी भागात एकवटले आहे. दगडी जोत्यावर सागवानी सांगाडा, मधल्या भिंती विटांच्या, आणि दरवाजाच्या वर पुढे आलेला कोरीव लाकडी सज्जा. सज्ज्याचे खांब सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले आहेत. उत्तरेतल्या मोगल इमारतींतून आलेला हा घाट उत्तर पेशवाईत महाराष्ट्रात चांगलाच रुजला होता. खांबांच्या माथ्यावर कमानी आणि केळफुलाचे नक्षीकाम आहे. आत पारंपरिक वाड्याप्रमाणे एकामागून एक चौक, भोवती सोपे आणि वरच्या मजल्यावर दिवाणखाना आहे. शनिवारवाड्याला तट होता, कारण तो सत्तेचे ठाणे म्हणून बांधला होता. विश्रामबाग तशी तटबंदी न घेता थेट रस्त्याला सामोरी जाते. संरक्षणाची चिंता दुसऱ्यावर सोपवलेल्या राज्यकर्त्याचे हे घर आहे, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

बाजीरावाला हे सुख दहा-अकरा वर्षेच लाभले. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि जून 1818 मध्ये शरण येऊन पेशवा वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेला. रिकाम्या वाड्याचे काय करायचे, हा प्रश्न कंपनी सरकारने तीन वर्षांत सोडवला.

हे उत्तर दक्षिणेच्या प्रथेतून आले. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, आणि पर्वतीच्या रमण्यात त्यासाठी मोठी गर्दी जमे. ही रक्कम एकदम बंद केली तर असंतोष होईल, हे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ओळखले. त्याच्या धोरणानुसार कमिशनर चॅप्लिनने त्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवला आणि ऑक्टोबर 1821 मध्ये विश्रामबागेत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, धर्मशास्त्र असे विषय शिकवले जात आणि विद्यार्थ्यांना वेतन मिळे. म्हणजे दक्षिणाच चालू राहिली, फक्त तिला शाळेचे रूप आले. पुढे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी आणि इंग्रजीला जागा मिळाली, 1851 मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, आणि तेच पुढे येरवड्याच्या नव्या इमारतीत डेक्कन कॉलेज म्हणून गेले. विश्रामबागेत जमलेल्या संस्कृत हस्तलिखितांचा साठा आज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ‘विश्रामबाग संग्रह’ या नावाने ओळखला जातो.

याच वाड्यात 16 नोव्हेंबर 1852 रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला, तो मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी काढलेल्या शाळांबद्दल. ज्या दक्षिणा फंडावर पाठशाळा उभी होती, त्याच फंडातून जोतीरावांच्या शाळांना अनुदान मिळू लागले. शहरातल्या सनातन्यांना हे किती झोंबले असेल, याची कल्पना करता येते. वाड्याच्या इतिहासात या दिवसाइतके महत्त्व दुसऱ्या कोणत्याही प्रसंगाला देता येणार नाही.

कॉलेज गेल्यावर इथे सरकारी हायस्कूल भरू लागले. 13 मे 1879 च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग एकाच वेळी पेटले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस असल्याने सरकारचा संशय प्रथम तिकडे वळला, आणि न्या. रानडे यांची धुळ्याला बदली झाली तीही याच वातावरणात. पुढे आग लावणारा निराळाच, सरकारी नोकरीतला माणूस निघाला. सरकारी कचेऱ्या आणि पुस्तकांचा डेपो असलेला बुधवारवाडा पूर्ण जळाला. शुक्रवारवाडा 1820 मध्येच आगीत गेला होता, शनिवारवाडा 1828 मध्ये. विश्रामबागेची पूर्वेकडची, म्हणजे दर्शनी बाजू जळाली, पण लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा मिळून ती पुन्हा उभी राहिली. नुसता वापर असल्याने वाडे वाचत नाहीत, हे बुधवारवाड्यावरून दिसतेच. विश्रामबाग टिकली ती आग अर्धवट राहिली म्हणून आणि दुरुस्तीला शहराने हात दिला म्हणून.

विसाव्या शतकात वाडा नगरपालिकेच्या ताब्यात आला आणि काही दशके पुण्याचा कारभार इथूनच चालला. 1950 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि कालांतराने मुख्य कचेरी शिवाजीनगरला नव्या इमारतीत गेली. पोलीस ठाणे आणि महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय यांच्या नावांत मात्र विश्रामबाग टिकून राहिली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी महापालिकेने वाड्याच्या जतनाचे काम हाती घेतले. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराचा इतिहास सांगणारे प्रदर्शन इथे मांडले गेले. चौकांत आणि दालनांत चित्र-छायाचित्रांची, हस्तकलेची प्रदर्शने आणि सांस्कृतिक कार्यक्रम होऊ लागले, आणि शहरातल्या वारसा फेऱ्यांत वाड्याला जागा मिळाली. तळमजल्यावर टपाल कचेरी आहे. त्यामुळे पेशव्याच्या दरवाजातून आत शिरणाऱ्यांत इतिहासाच्या अभ्यासकांइतकीच पत्र टाकायला आलेली माणसेही असतात.